आठ बिटांचा हट्ट

"ही चिप लोक खेळण्यांत घालतात, मॅडम," आमच्या सल्लागारांनी सगळ्यांसमोर मला सांगितलं.

मी म्हटलं, "घालू देत. मी रिअ‍ॅक्टरवर घालणार आहे."

कंपनीच्या मालकांनी, आमच्या साहेबांनी, चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मी माझे हात टेबलाखाली घेतले.

नव्वदचं दशक संपायला आलेलं. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आमची छोटी कंपनी होती. कारखान्यांसाठी तापमान सांभाळणारे कंट्रोलर आम्ही बनवायचो. एक लोखंडी डबा, पुढे लाल आकडे, आत सर्किट बोर्ड. डोंबिवलीच्या केमिकल पट्ट्यात आमचे बरेच डबे लागलेले. तिथल्या कारखान्यांत मोठमोठी बंद भांडी असतात, त्यांना रिअ‍ॅक्टर म्हणतात. त्यांत रसायनं ठरलेल्या तापमानाला शिजवायची असतात. वाफ किती सोडायची, थंड पाणी कधी सोडायचं, हे आमचा डबा ठरवायचा. त्या डब्याचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर. एकाच चिपमध्ये मावलेला कॉम्प्युटर. ना पडदा, ना कीबोर्ड. त्याला एक काम शिकवून ठेवायचं आणि तो वर्षानुवर्षं तेवढंच करत बसतो.

डोंबिवलीतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने त्या वर्षी नवीन मागणी केली. त्यांच्या ऑफिसात सगळे कॉम्प्युटर इथरनेटच्या तारेने जोडले गेले होते. आता त्यांना आमचे डबेही त्याच तारेवर हवे होते, म्हणजे कुठल्याही टेबलावरून कुठल्याही रिअ‍ॅक्टरचं तापमान दिसेल. आमच्यासाठी हे नवीन होतं. इथरनेट म्हणजे ऑफिसातल्या कॉम्प्युटरांची भाषा, आणि आमचे डबे ती बोलत नव्हते. ती बोलणारी चिप निवडायची होती. एवढ्यासाठीच ती मीटिंग होती.

मी तिथे कशी पोचले ते सांगायला हवं, कारण त्या खोलीतल्या बऱ्याच जणांना मी तिथे असणंच थोडं जास्त वाटत होतं.

मी ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. बाबांची होडी माझ्या लहानपणीच विकली गेली, खाडीत मासळीच राहिली नव्हती. आई कळव्याच्या बाजारात मासे विकायची. मी दहावीला गणितात चांगले मार्क मिळवले आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेले. ऐंशीच्या दशकात त्या वर्गात मी एकटीच मुलगी. नंतर वागळे इस्टेटमध्ये टेस्टिंगला लागले. तयार बोर्ड चालू करायचे, बिघडलेले शोधायचे, पुन्हा सोल्डर करायचे. पहिल्या आठवड्यात एकाने माझ्या जेवणाच्या डब्यातल्या बोंबलाच्या वासाबद्दल साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी मला हळूच सुचवलं की खिडकीजवळ बसून जेवावं. मी दुसऱ्या दिवशी सुक्या कोलंबीचे सोडे नेले आणि मधल्या टेबलावर बसले. तो विषय तिथेच संपला.

टेस्टिंगमधून डिझाइनमध्ये यायला मला बरीच वर्षं लागली. आणि डिझाइनमध्ये आल्यावर मी कसा विचार करणार, हे ठरलं ते मी टेस्टिंगला असतानाच, एका कारखान्यात पाहिलेल्या प्रकारामुळे.

तो आमचा डबा नव्हता, दुसऱ्या कुणाचा होता. त्याच्या शेजारचा आमचा डबा दुरुस्त करायला मला पाठवलेलं. त्या दुसऱ्या डब्याला प्रिंटर जोडलेला होता; तो थोड्या थोड्या वेळाने तापमान कागदावर छापायचा. दुपारी प्रिंटरचा कागद संपला. आतला प्रोग्राम कागदाची वाट बघत उभा राहिला, आणि तो उभा राहिला म्हणून वाफेचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला. पुढच्या आकड्यांवर जुनंच तापमान दिसत होतं, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. आधी एक शिट्टी ऐकू आली, मग झाकणाच्या कडेने वाफ फुटली. ऑपरेटर धावत गेला आणि हाताने व्हॉल्व्ह बंद केला. त्याचा कोपरापर्यंतचा हात भाजला. त्याला रिक्षात बसवताना मी एका बाजूने धरलेलं. तो एकच विचारत होता, की आकडा तर बरोबर होता ना?

तो प्रोग्राम लिहिणारा मूर्ख नव्हता. त्याने एका चिपला दोन कामं दिली होती आणि बिनमहत्त्वाच्या कामासाठी महत्त्वाचं काम थांबू शकतं, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मी मात्र ते पाहिलेलं. त्यानंतर कुणीही मला "सॉफ्टवेअर नीट लिहिलं की झालं" असं म्हटलं, तर मला तो रिक्षातला माणूस आठवायचा.

आता पुन्हा मीटिंगकडे.

प्रत्येक डब्यात छोटा पीसीच बसवावा, असाही एक विचार आलेला. तो सगळ्यांनीच सोडून दिला. रिअ‍ॅक्टरजवळच्या उकाड्यात आणि धुरात पंख्यावर चालणारा पीसी टिकणार नव्हता. राहिले दोन रस्ते. सल्लागारांना हवी होती बत्तीस बिटांची नवीकोरी परदेशी चिप, जिच्या पोटातच इथरनेट होतं. बिट म्हणजे चिप एका घासात किती गिळते त्याचं माप, असं समजा. एकच चिप, वेग भरपूर, आणि मोकळी जागा एवढी की पुढच्या दहा वर्षांचं त्यात बसेल. सल्लागार अमेरिकेत काम करून आलेले, वयाने माझ्याएवढेच, बोलायला सभ्य. त्यांचं ज्ञान खरं होतं. हे मी तेव्हाही मानत होते.

मला हवी होती आम्ही इतकी वर्षं वापरत आलेली आठ बिटांची साधी चिप. जुना बोर्ड जसाच्या तसा ठेवायचा, त्याने फक्त तापमान सांभाळायचं. त्याच्या पाठीवर दुसरा छोटा बोर्ड बसवायचा. त्यावर आणखी एक आठ बिटांची चिप, आणि तिच्या शेजारी इथरनेटची वेगळी चिप, पीसीच्या स्वस्त नेटवर्क कार्डांवर असते तीच. हा मागचा बोर्ड पुढच्याला विचारणार, तापमान किती, आणि ते तारेवर सांगणार. तो मेला तर पुढच्याला पत्ताही लागता कामा नये.

सल्लागारांनी शांतपणे हिशेब मांडला. इथरनेटवरून येणारा एक पूर्ण निरोप माझ्या चिपच्या आतल्या मेमरीत मावतसुद्धा नाही, असं ते म्हणाले. ते खरंच होतं. मी म्हटलं, मावायची गरज नाही. इथरनेटच्या चिपला स्वतःची मेमरी असते, निरोप तिथे पडून राहू दे. माझी चिप त्याची सुरुवात वाचेल, आपल्यासाठी आहे का बघेल, नसेल तर सोडून देईल. दारात आलेल्या प्रत्येकाला घरात घ्यायचं नसतं. त्यावरच ते खेळण्यांचं वाक्य आलं.

मीटिंग काही न ठरता संपली.

त्याच आठवड्यात साहेब मला त्यांच्या फियाटमधून डोंबिवलीला गिऱ्हाइकाकडे घेऊन गेले. मुंब्र्यावरून शीळफाट्याला पोचलो तर ट्रकांची रांग लागलेली, गाडी जागची हलेना. साहेबांनी इंजिन बंद केलं, खिडकीची काच खाली घेतली. ते ठाण्यातल्या जुन्या घरातले, साठीकडे झुकलेले, सगळ्यांशी अहो-जाहो करणारे. ते म्हणाले, तुमचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. पण आता नवीन गिऱ्हाइकं माहितीपत्रक वाचतात. बत्तीस बिट लिहिलेलं त्यांना आवडतं. सल्लागारांना बोर्ड करू द्या, तुम्ही त्यांना मदत करा.

"मदत नाही करणार, साहेब," मी म्हटलं. "मला माझा बोर्ड करू द्या. त्यांना द्याल तेवढाच वेळ मला द्या."

त्यांनी समोरच्या ट्रकच्या पाठीकडे बघत विचारलं, "आणि नाही चालला तर?"

"तर मी परत टेस्टिंगला बसेन."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी थट्टा करत नव्हते, हे त्यांना कळलं असावं. त्यांनी इंजिन सुरू केलं आणि डोंबिवली येईपर्यंत आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोलत राहिलो. पण उतरताना ते म्हणाले, ठीक आहे, दोन्ही होऊ देत.

लग्नानंतर मी डोंबिवलीत राहत होते. घरी सांगितल्यावर नवऱ्याने, तो बँकेत होता, पहिला प्रश्न विचारला की परत टेस्टिंगला गेलीस तर पगार कमी होईल का. मी म्हटलं, होईल. तो म्हणाला, मग जिंक. रविवारी आईकडे गेले. आई कोलंबी सोलत बसलेली. मी सगळं सांगितलं. चिप, बिट, सल्लागार, खेळणं. तिने ऐकून घेतलं, मान वर न करता.

"मना त्यातला काय कलत नाय गो," ती म्हणाली. "पन तुना कलतं ना? मंग त्याला कशाला घाबरतंस?"

मी म्हटलं, मी घाबरले नाही. तर म्हणाली, हात बग तुजे. मी हात पदराखाली घेतले.

कामाला लागले. पहिल्यांदा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन नेटवर्क कार्डं आणली आणि त्यांवरच्या चिपा काढल्या. त्यांचे पाय, म्हणजे बोर्डाला जोडायच्या धातूच्या काड्या, बारीक होते, पण आमच्याकडे बोर्ड जोडणाऱ्या मुलींच्या हातात बसतील इतपत. सल्लागारांच्या चिपचे पाय चारी बाजूंनी केसासारखे. ती चिप साध्या सोल्डरिंगने लागतच नव्हती. त्यासाठी बोर्ड बंगलोरला पाठवायला लागत होते. माझा बोर्ड विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागे, एका पत्र्याच्या शेडमध्ये बोर्ड बनवणाऱ्याकडे झाला. पहिल्या वेळी त्याने दोन तारा जोडून टाकल्या, दुसऱ्या वेळी बरोबर दिला.

खरं अवघड होतं ते तारेवर बोलायचे नियम. ते इंटरनेटवर फुकट मिळत होते, पण आमच्या कंपनीत इंटरनेट नव्हतं. डोंबिवलीत स्टेशनजवळ नवीनच सायबर कॅफे निघालेला, तिथे मी शनिवारी दुपारी जाऊन बसायचे आणि छापून आणायचे. कॅफेवाल्याला वाटायचं मी परदेशातल्या नोकरीसाठी अर्ज करतेय. पानंच्या पानं नियम, आणि त्यातले बहुतेक मला नकोच होते. माझ्या डब्याला ईमेल पाठवायचं नव्हतं. कुणी हाक मारली तर ओ द्यायची, तापमान विचारलं तर सांगायचं, बाकी गप्प बसायचं. मी नियम वाचायचे आणि खोडत जायचे. काय टाकून देता येतं हे ठरवण्यात माझा जास्त वेळ गेला.

आठवड्यांमागून आठवडे माझा बोर्ड तारेवर मुका होता. दिवा लुकलुकायचा, म्हणजे निरोप येत होते, पण तो उत्तर द्यायचा नाही. या काळात सल्लागारांचा बोर्ड बंगलोरहून आला आणि त्याच संध्याकाळी बोलायला लागला. साहेबांनी पेढे आणले. मीही एक घेतला. सल्लागार माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, की अजून वेळ गेलेली नाही, त्यांच्याबरोबर काम केलं तर मला खूप शिकायला मिळेल. त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी आभार मानले आणि परत स्क्रू पिळायला लागले.

चूक साधी निघाली. निरोपातल्या आकड्यांची जोडी माझा प्रोग्राम उलटी लावत होता, मागचा पुढे आणि पुढचा मागे. ते सुधारून, जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर गेलेले असताना मी पीसीवरून हाक मारली. आहेस का, एवढंच विचारणारी ती हाक असते. पडद्यावर उत्तर आलं. परत मारली, परत आलं. मी एकटीच होते. मी खुर्ची मागे सरकवली आणि त्या काळ्या पडद्याकडे बघत सबंध डबा जेवले.

दोन्ही बोर्ड डोंबिवलीच्या कारखान्यात शेजारशेजारच्या रिअ‍ॅक्टरांवर लावले. तिथले इन्स्ट्रुमेंट विभागाचे प्रमुख मूळचे साताऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही डबे पाहिले, दोघांना सारखेच प्रश्न विचारले आणि म्हणाले, चालू द्या, बघू.

थोडे दिवस दोन्ही नीट चालले. मग एका सोमवारी सकाळी मला फोन आला की तुमचा डबा पडद्यावरून गेला. मी पोचले तेव्हा साहेब आणि सल्लागार आधीच आलेले. ऑफिसच्या पडद्यावर सल्लागारांच्या रिअ‍ॅक्टरचा आकडा होता, माझ्या जागी नुसती रेघ. सुट्टीनंतर ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकदम चालू झाले होते आणि सगळ्यांनी एकदम तारेवर ओरडायला सुरुवात केली होती. त्या गोंगाटात माझी इथरनेटची चिप काठोकाठ भरली आणि मुकी झाली.

सल्लागार म्हणाले, ही भीती मी आधीच बोलून दाखवली होती. साहेब माझ्याकडे बघत नव्हते. मला माहीत होतं की आता ते सौम्य आवाजात मला काहीतरी सांगणार. त्याआधीच मी प्रमुखांना म्हटलं, "आपण खाली रिअ‍ॅक्टरवर जाऊया का? मला सगळ्यांना काहीतरी दाखवायचंय."

खाली गेलो. डब्यावर लाल आकडा होता, ठरलेल्या तापमानाचा, आणि वाफेचा व्हॉल्व्ह आपला थोडा उघडत होता, थोडा मिटत होता. मागचा बोर्ड मुका झाला होता आणि पुढच्याला त्याचा पत्ताही नव्हता. मी ऑपरेटरला विचारलं, सकाळपासून काही वेगळं वाटलं का. तो म्हणाला, नाही, का, काय झालं? मग मी डब्याचं मागचं झाकण उघडलं आणि रिअ‍ॅक्टर चालू असताना नेटवर्कचा बोर्ड सरळ उपसून हातात घेतला. साहेबांच्या तोंडून "अहो" निघालं. लाल आकडा हलला नाही. व्हॉल्व्ह आपलं काम करत राहिला.

"हा बोर्ड चुकला," मी म्हटलं. "तो मी दुरुस्त करून आणेन. पण तो चुकल्यावर काय होतं, ते तुम्ही आत्ता बघितलंत. शेजारच्या डब्यातला बोर्ड असा काढून दाखवता येईल का, तेवढं विचारा."

तो काढता येत नव्हता. तिथे तापमान आणि इथरनेट एकाच चिपमध्ये होतं. सल्लागार म्हणाले, त्याची गरजच पडणार नाही. तेही खरं असेल.

प्रमुखांनी दोन्ही डब्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पडदा तासभर नसला तरी माझं चालतं. तापमानाचं तसं नाही. बाई, तुम्ही तो दुरुस्त करून आणा."

दुरुस्ती चिपच्या माहितीपुस्तिकेतल्या एका छोट्या परिच्छेदात लिहिलेली होती, जो मी वाचून सोडून दिलेला. काठोकाठ भरलेल्या चिपला थांबवायचं, रिकामं करायचं आणि ठरलेल्या क्रमाने पुन्हा सुरू करायचं. मी ते लिहिलं. मग कंपनीतले सगळे पीसी एकदम चालू करून, मुद्दाम गोंगाट करून पाहिलं. बोर्ड गुदमरायचा, सावरायचा, पुन्हा बोलायचा. पुढच्या सोमवारी मी सकाळीच कारखान्यातल्या त्या पडद्यासमोर जाऊन बसले. आकडा एकदा गेला आणि लगेच परत आला.

प्रमुखांनी सगळ्या रिअ‍ॅक्टरांसाठी माझा बोर्ड मागवला.

सल्लागारांच्या बोर्डाचं काही वाईट झालं नाही, तो नीट चालत होता. पण काही महिन्यांनी चिप बनवणाऱ्यांनी कळवलं की ही चिप आता बंद, पुढची घ्या. पुढच्या चिपचे पाय वेगळे, म्हणजे बोर्ड पुन्हा नवा करायचा, पुन्हा बंगलोर. त्या दुपारी सल्लागार माझ्या टेबलाशी आले.

"तुमची चिप मिळतेय अजून?" त्यांनी विचारलं.

"लॅमिंग्टन रोडला," मी म्हटलं. "कुठल्याही दुकानात."

ते हसले. मीही हसले. त्या माणसाशी माझं वैर कधी नव्हतंच. आज मागे बघताना हेही सांगते की, पुढे काय होणार याबद्दल ते बरोबर होते. आता नखाएवढ्या चिपमध्ये सगळं येतं, इथरनेटसकट, आणि ती कुठेही मिळते, मीसुद्धा वापरते. पण मला पुढच्या काळाचं काम दिलेलं नव्हतं. मला त्या वर्षी, डोंबिवलीत, त्या भांड्यांवर चालेल आणि बिघडलं तर आमच्याच गाळ्यात दुरुस्त होईल असं काहीतरी बनवायला सांगितलेलं. ते मी बनवलं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच निवडेन.

नंतर जे झालं त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही, पण ते मनाला लागलं. मुंबईतल्या एका प्रदर्शनात आमचा स्टॉल होता. नव्या माहितीपत्रकात माझ्या बोर्डाचा फोटो होता आणि खाली लिहिलेलं की रचना आमच्या परदेशात काम केलेल्या तज्ज्ञांनी केली आहे. मी ते घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, गिऱ्हाइकाला विश्वास वाटायला हवा ना. तुमचं काम आम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, सगळ्यांना माहीत आहे तर छापायला काय हरकत आहे. ते म्हणाले, पुढच्या वेळी बघू. सल्लागारांना विचारलं, तर त्यांना ते माहीतच नव्हतं. त्यांनी जाऊन स्वतः बदलायला सांगितलं. तरी ते बदललं नाही.

मी राजीनामा दिला. साहेब म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवरून? मी म्हटलं, हो, एवढ्याशाच.

पुढच्या महिन्यात मी डोंबिवलीत स्वतःच्या कंपनीसाठी गाळा बघायला गेले, नवरा बरोबर होता. एका छोट्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक खोली, पुढे गॅलरी, दुपारचं ऊन थेट आत. मला ती आवडली. मालक वयस्कर, पांढऱ्या सदऱ्यातले. ते सगळं नवऱ्याशीच बोलत होते. वीज किती लागेल, माणसं किती येतील, आवाज होईल का. शेवटी त्यांनी नवऱ्यालाच विचारलं, "तुम्ही इथे नक्की काय बनवणार?"

नवरा गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा होता.

"मी बँकेत असतो," तो म्हणाला. "यांना विचारा. करार यांच्याच नावावर होणार आहे."

मालक माझ्याकडे वळले. मी पिशवीतून माझा बोर्ड काढला आणि खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवला. "हे," मी म्हटलं, आणि सांगायला सुरुवात केली.